हवापालट

पूर्वीच्या मराठी घरांत ‘हवापालट’ हा शब्द वारंवार कानी पडे. दीर्घ आजारातून उठलेल्या माणसाला, अभ्यासाने खंगलेल्या मुलाला किंवा सततच्या काळजीमुळे झोप हरवलेल्या गृहस्थाला वैद्य औषधाच्या पुड्यांबरोबर हवापालटाचाही सल्ला देत. ऐपत असलेली माणसे मग माथेरान, पाचगणी, देवळाली अशा ठिकाणी महिना-दोन महिने जाऊन राहत. माथेरानची छोटी आगगाडी १९०७ मध्ये सुरू झाली. पाचगणीला १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारले. क्षयावर गुणकारी औषध सापडण्यापूर्वीच्या त्या काळात स्वच्छ हवा, सकस आहार आणि विश्रांती यांवरच रोग्याची भिस्त असे.

ज्यांना डोंगरावरची हवा परवडत नसे, त्यांनीही विश्रांतीच्या आपापल्या वाटा शोधल्या होत्या. सासुरवाशिणीला माहेरपण होते. नागपंचमीला किंवा दिवाळीला भाऊ न्यायला आला, की चार दिवस तरी तिच्या हातातले पोळपाट-लाटणे सुटे आणि आई तिच्या केसांना तेल लावून देई. गिरणीकामगाराला मात्र तेवढीही उसंत नव्हती. कोकणातून आणि देशावरून मुंबईत आलेला हा माणूस भोंग्याबरोबर उठे आणि दिवेलागणीला परते. आठवड्याचा एक निश्चित दिवस त्याचा स्वतःचा नव्हता. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी या प्रश्नावर अनेक वर्षे लढा दिला. अखेर १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळू लागली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्याने साप्ताहिक सुटीबरोबरच वर्षभर काम केलेल्या कामगाराला पगारी रजेचाही हक्क दिला. कष्टणाऱ्या माणसाला विश्रांती कोणी दानात दिलेली नाही, ती त्याने मागून आणि भांडून मिळवली आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

असे असूनही आज हक्काची रजा खात्यावर शिल्लक असणारी कितीतरी माणसे थकलेली दिसतात. हा थकवा शरीराच्या थकव्याहून वेगळा असतो. दिवसभर नांगर धरलेला शेतकरी रात्री गाढ झोपतो आणि सकाळी ताजा होऊन उठतो. या दुसऱ्या थकव्यात माणूस झोपून उठल्यावरही दमलेलाच असतो. न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी एका मोफत दवाखान्यात स्वयंसेवा करणाऱ्यांमध्ये ही अवस्था पाहिली आणि १९७४ मध्ये तिच्याविषयी लिहिले. इतरांची सेवा करायला मोठ्या उत्साहाने आलेली ही माणसे काही काळाने आतून जळून गेल्यासारखी होत. म्हणून तिला ‘बर्नआउट’ हे नाव मिळाले. मराठीत ‘मन करपणे’ असे म्हटले, तर अर्थ पुष्कळसा जुळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या अवस्थेची व्याख्या केली. तो आजार नसून कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ आटोक्यात न आलेल्या ताणातून उद्भवणारी स्थिती आहे, असे तिने स्पष्ट केले आणि तीन लक्षणे सांगितली: शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी वाढत जाणारा दुरावा किंवा कडवटपणा आणि काम पूर्वीसारखे चांगले होत नाही ही जाणीव.

ही तिन्ही लक्षणे विरारला राहणाऱ्या एका परिचारिकेच्या ठायी हळूहळू उमटत गेली. वय बेचाळीस, नोकरीची वीस वर्षे पूर्ण, घरी पती, दहावीतला मुलगा आणि सासूबाई. मुंबईच्या उपनगरातील एका रुग्णालयात ती काम करी. पहाटे उठून डबे भरणे, गच्च भरलेल्या लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणे, वॉर्डात आठ-दहा तास पायांवर असणे आणि घरी परतल्यावर पुन्हा स्वयंपाकाला लागणे, हा तिचा दिनक्रम. रात्रपाळी असली की हेच चक्र उलटे फिरे. कामाची तिला कधी कुरकुर नव्हती. किंबहुना नव्या मुलींना इंजेक्शन कसे द्यावे यापेक्षा रुग्णाशी कसे बोलावे हे ती आधी शिकवीत असे. ‘रुग्णाला नावाने हाक मारा; तो बरा व्हायला तिथूनच सुरुवात होते,’ असे तिचे सांगणे असे.

पण एका रात्री तिच्याच तोंडून निघाले, ‘बारा नंबरला सलाईन लावा.’ बारा क्रमांकाच्या खाटेवरची म्हातारी तीन दिवसांपासून तेथे होती आणि तिचे नाव परिचारिकेला आठवत नव्हते. त्यानंतर तिच्या ध्यानात आले, की गेले कित्येक महिने ती रुग्णांना खाटेच्या क्रमांकानेच ओळखत होती. नातेवाइकांनी काही विचारले की तिच्या कपाळाला आठी पडत होती. घरी मुलगा काही सांगू लागला की ती ‘हं’ म्हणत होती आणि तो काय बोलला हे तिला क्षणभरानंतर सांगता येत नव्हते. एका पहाटे औषधाची मात्रा मोजताना तिचा हात चुकता चुकता सावरला. त्या क्षणी तिला धडकी भरली. आपल्या थकव्याची किंमत उद्या दुसऱ्याच कोणाला चुकवावी लागेल, हे तिला स्वच्छ दिसले.

तिने आठवड्याची रजा मागितली आणि एकटीनेच कोठेतरी जायचे ठरवले. घरात साहजिकच चर्चा झाली. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, एकटी कशाला जातेस? देवदर्शनाला जायचे असेल तर मीही येते. नाहीतर माहेरी जाऊन ये.’ तिने शांतपणे सांगितले, ‘आई, तुम्हाला घेऊन मी आषाढात पंढरपूरला नक्की जाईन. माहेरी गेले तर वहिनीच्या हाताखाली उभी राहीन आणि शेजारीपाजारी रक्तदाब तपासून घ्यायला येतील. मला आठ दिवस कोणाचेच काही करायचे नाही.’ सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘आमच्या वेळी असे म्हणायची सोय नव्हती. जा तू. पोळ्यांचे मी बघते.’ त्या वाक्यात रुसवा किती आणि समजूत किती, हे तिला नीटसे कळले नाही. पण परवानगी होती एवढे खरे.

पैशांचा प्रश्न होताच. भिशीतून मिळालेल्या रकमेपैकी आठ हजार रुपये तिने या कामासाठी बाजूला काढले आणि वहीच्या पानावर हिशेब मांडला. शयनयान वर्गाचे जाण्या-येण्याचे भाडे सुमारे बाराशे; पाच रात्रींच्या खोलीचे दिवसाला सहाशेप्रमाणे तीन हजार; जेवणखाण पंधराशे; शहरातील प्रवास आणि तिकिटे आठशे. उरलेले दीड हजार अडीअडचणीसाठी वेगळ्या पाकिटात ठेवले. डोंगरावरची हॉटेले या हिशेबात बसत नव्हती. मुंबईहून संध्याकाळी निघून दुसऱ्या दिवशी दुपारी जयपूरला पोहोचवणारी गाडी मात्र बसत होती. जुन्या शहराजवळच्या खोल्या महाग होत्या. म्हणून तिने शहराच्या वायव्येला, सीकर रस्त्यालगतच्या मुरलीपुरा या साध्या वस्तीत एका कुटुंबाची वरच्या मजल्यावरची खोली ठरवली. पर्यटकांनी मुद्दाम जावे असे मुरलीपुऱ्यात काही नाही. तेथे दुकाने आहेत, शाळा आहेत, दुमजली घरे आहेत आणि जवळच विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र असल्यामुळे सकाळ-संध्याकाळ कामगारांची ये-जा आहे. थोडक्यात, तिच्या विरारसारखीच ती राहत्या माणसांची वस्ती आहे.

निघण्यापूर्वी तिने खोलीचा पत्ता आणि गाडीचा क्रमांक घरी लिहून दिला, ओळखपत्राची एक प्रत वेगळ्या पिशवीत ठेवली आणि आणीबाणीचा ११२ व रेल्वेचा १३९ हे क्रमांक पाठ केले. रोज रात्री आठ वाजता एकदाच घरी फोन करायचा आणि रुग्णालयाचे फोन घ्यायचे नाहीत, असा नियमही ठरवला. बोरिवलीला ती गाडीत बसली. थोड्या वेळाने विरार स्थानक आले आणि गाडी न थांबता पुढे गेली. फलाटावरची गर्दी, जिन्यावरची धावपळ, भाजीच्या पिशव्या सांभाळणाऱ्या बायका हे सारे खिडकीतून झरझर मागे सरले. वीस वर्षांत प्रथमच ती त्या स्थानकावर उतरली नव्हती.

जयपूरला फाल्गुनाचे दिवस होते. पहाटे गारवा असे आणि दुपारी ऊन चढे. खोलीच्या पुढे मोकळी गच्ची होती आणि तेथून पूर्वेला नाहरगढच्या टेकड्यांची रांग दिसे. घरमालकीण सत्तरीच्या होत्या. तिने त्यांना ‘मांजी’ म्हणायला सुरुवात केली आणि त्या तिला ‘बाईसा’ म्हणू लागल्या. राजस्थानात लेकीबाळींना आदराने आणि मायेने अशी हाक मारतात. रुग्णालयात ‘बाई’ म्हणून तिला दिवसातून शंभर हाका येत. येथे तोच शब्द वेगळ्या स्वरात कानी पडला.

पहिले दोन दिवस ती जवळजवळ झोपूनच होती. जयपूरला येऊन झोपायचे म्हणजे पैसे वाया घालवणे, असे तिला आरंभी वाटले. हवामहल पाहिला का, आमेरला गेलीस का, असे घरून विचारले जाई आणि तिला ओशाळल्यासारखे होई. दुसऱ्या दिवशी मांजींनी तिच्यासमोर बाजरीची भाकरी आणि गट्ट्याची भाजी ठेवली आणि म्हटले, ‘किल्ला तीनशे वर्षे उभा आहे, तो उद्याही असेल. आधी जेवून घ्या.’ कोणीतरी समोर ताट ठेवले आणि आपल्याला उठावे लागले नाही, एवढ्यानेच तिचे डोळे भरून आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला आपोआप जाग आली. गजराशिवाय जाग येण्याची तिची सवय मोडली होती, त्यामुळे ती काही वेळ तशीच पडून राहिली. मग खाली कोपऱ्यावरच्या गाडीवर जाऊन तिने पोहे आणि चहा घेतला. जयपूरला नाश्त्याला पोहे मिळतात याचे तिला नवल वाटले. त्यावर शेव होती, लिंबू होते, पण ओले खोबरे नव्हते. औद्योगिक क्षेत्राकडे निघालेले कामगार तेथे उभ्याउभ्या खात होते. ती कोण, कोठली, कशासाठी आली, हे कोणीही विचारले नाही. कोणाची सून, कोणाची आई, कोणाची सिस्टर यांपैकी काहीही नसलेली एक स्त्री सावकाश पोहे खात बाकावर बसली होती.

अशा वेळी नेमके काय घडते, याचा अभ्यास मानसशास्त्रज्ञांनी केला आहे. सबिने सोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ या दोन संशोधिकांनी २००७ मध्ये कामातून सावरण्याचे चार मार्ग सांगितले. कामाचा विचार मनातून दूर होणे, शरीर-मन सैल होणे, कामापलीकडचे काही नवे शिकणे आणि आपल्या वेळेवर आपला ताबा असणे, हे ते चार मार्ग होत. यांतला चौथा मार्ग एकट्याच्या प्रवासात सहज लाभतो. कुटुंबाबरोबरची सहल आनंदाची असते. परंतु तीत कोणाला भूक लागली, कोणाचे पाय दुखले, कोणाला खरेदी करायची आहे, याचा हिशेब बहुधा एकाच व्यक्तीच्या डोक्यात असतो आणि ती व्यक्ती घरातही तोच हिशेब करीत असते. तिची जागा बदलते, काम तेच राहते.

जयपूर शहर मात्र तिने पाहिले. दिवसाला एकच ठिकाण, एवढेच पथ्य तिने पाळले. अनेक स्मारकांचे मिळून एकत्रित तिकीट तेथे मिळते. ते घेतले की सगळे पाहून पैसे वसूल करण्याची घाई आपोआप अंगात शिरते, म्हणून तिने ते घेतलेच नाही. सीकर रस्त्यावरून बस पकडून ती चांदपोलला उतरे आणि छोटी चौपड, त्रिपोलिया बाजार, बडी चौपड अशी सरळ रस्त्याने पायी जाई. सवाई जयसिंह दुसरे यांनी १७२७ मध्ये वसवलेले हे शहर विद्याधर भट्टाचार्य यांच्या आराखड्याप्रमाणे काटकोनात आखलेले आहे. त्यामुळे नवख्या माणसालाही वाट चुकण्याची धास्ती वाटत नाही. १८७६ मध्ये इंग्लंडच्या युवराजांच्या स्वागतासाठी त्याला गुलाबी रंग दिला गेला आणि २०१९ मध्ये या तटबंदीच्या शहराची युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली. हवामहलाच्या ९५३ खिडक्या तिने समोरच्या फूटपाथवरून पाहिल्या. राजघराण्यातील स्त्रियांना स्वतः न दिसता रस्ता पाहता यावा, म्हणून सवाई प्रतापसिंह यांनी १७९९ मध्ये तो बांधला. त्या स्त्रियांना जो रस्ता केवळ खिडकीतून दिसे, त्यावरून आपण एकट्या चालतो आहोत, हा विचार तिच्या मनात आला आणि तिची चाल थोडी आणखी संथ झाली.

जंतरमंतर या वेधशाळेत ती सर्वाधिक वेळ रमली. तेथील सम्राट यंत्र म्हणजे सुमारे २७ मीटर उंचीचे, दगड-चुन्यात बांधलेले सूर्यघड्याळ आहे. त्याच्या तिरप्या भिंतीची छाया बाजूच्या वक्र पट्टीवरून सरकते आणि त्यावरून दोन सेकंदांपर्यंतच्या अचूकतेने वेळ वाचता येते. ती छाया सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर पुढे जाते. म्हणजे मिनिटभर टक लावून पाहिले, तर चार बोटे सरकलेली दिसते. सेकंदकाटा पाहत रुग्णांच्या नाड्या मोजण्यात जिचे आयुष्य गेले, ती बाई त्या पट्टीपाशी कितीतरी वेळ उभी होती. एक मार्गदर्शक शाळेच्या मुलांना समजावून सांगत होता, की हे यंत्र जयपूरची स्थानिक सौरवेळ दाखवते. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि जयपूर त्याच्या बरेच पश्चिमेला आहे. शिवाय ऋतूप्रमाणे सूर्याच्या गतीतही फरक पडतो. त्यामुळे त्या दिवशी सूर्यघड्याळ मनगटावरच्या घड्याळापेक्षा जवळपास चाळीस मिनिटे मागे होते. ‘मग खरी वेळ कोणती?’ एका मुलाने विचारले. ‘दोन्ही खऱ्या,’ मार्गदर्शक म्हणाला, ‘एक सगळ्यांनी मिळून ठरवलेली, दुसरी इथल्या सूर्याची.’ तिला ते उत्तर फार आवडले. लोकल पकडायची तर सगळ्यांचीच वेळ पाळावी लागणार. पण आपल्या शरीराचाही एक सूर्य असतो आणि तो किती मागे राहिला आहे, हे अधूनमधून पाहायला हवे, असे तिला वाटले.

या वेधशाळेशी एका महाराष्ट्रीय विद्वानाचे नाव जोडलेले आहे, हेही तिला तेथेच समजले. सवाई जयसिंहांच्या पदरी असलेले पंडित जगन्नाथ सम्राट मूळचे महाराष्ट्रातले. ते अरबी भाषा शिकले आणि टॉलेमीच्या ‘अल्माजेस्त’ या ज्योतिषग्रंथाचे तसेच युक्लिडच्या भूमितीचे त्यांनी संस्कृतात रूपांतर केले. आपला मुलूख सोडून दूर आलेला माणूस येथे एक नवी भाषा शिकला आणि तिच्यातून मोठे काम उभे करून गेला, हे ऐकून तिला त्या अनोळखी शहराविषयी आपलेपणा वाटला.

मुरलीपुऱ्याला परतताना सीकर रस्त्यावर तिला रोज एक दृश्य दिसे. जयपूरहून सुमारे ऐंशी किलोमीटरवर सीकर जिल्ह्यात खाटू गावी श्यामजींचे मंदिर आहे. भीमाचा नातू बर्बरीक याला तेथे श्याम या नावाने पूजतात. फाल्गुनातील एकादशीला तेथे मोठी जत्रा भरते आणि हातात रंगीत निशाणे घेतलेले भाविक जयपूरहून पायी निघतात. भजने म्हणत चाललेल्या त्या रांगा पाहून तिला पंढरीच्या वारीची आठवण झाली. फक्त टाळ-मृदंगाऐवजी येथे ढोलक होते आणि भगव्या पताकांऐवजी निशाणे. रस्त्याच्या कडेला वस्तीतल्या लोकांनी मांडव घातले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना पाणी, ताक, पुरी-भाजी वाटली जात होती.

चौथ्या संध्याकाळी अशाच एका मांडवापाशी एक म्हातारे गृहस्थ पायातला जोडा काढून बसले होते. त्यांच्या टाचेवरचा फोड फुटला होता. तेथील मुलगा त्यावर कापूस दाबून पट्टी चिकटवू पाहत होता आणि पट्टी सुटत होती. ती आधी पुढे निघून गेली. आठ दिवस कोणाचे काही करायचे नाही, असे तिने ठरवलेच होते. दहा-बारा पावलांवर ती थांबली. आपल्याला परत जायचे आहे की जावे लागते आहे, हे तिने स्वतःला नीट विचारले. उत्तर मिळाल्यावर ती मागे फिरली, बादलीतल्या पाण्याने हात धुतले, जखम स्वच्छ केली आणि घडी घातलेला कापूस ठेवून पट्टी बांधली. हात सवयीने चालत होते. मग तिच्याही नकळत तिने विचारले, ‘बाबा, तुमचे नाव काय?’ त्यांनी नाव सांगितले, गाव सांगितले, यंदा अकरावी खेप असल्याचे सांगितले. ती ऐकत होती आणि ते ऐकणे तिला जड जात नव्हते.

पाच रात्री संपल्या आणि ती परतली. आठ हजारांपैकी अकराशे रुपये उरले होते. त्यांतून तिने मुलासाठी सांगानेरी छपाईचा सदरा आणि सासूबाईंसाठी लाखेच्या बांगड्या आणल्या. बांगड्या हातात चढवून सासूबाईंनी विचारले, ‘मग, झाली का हवापालट?’ ती म्हणाली, ‘झाली, आई. पण इथली हवाही थोडी पालटायला हवी.’

ही गोष्ट तिने ओळखली होती, हे तिच्या प्रवासाचे खरे फलित. सुटीतून आलेला ताजेपणा कामावर परतल्यानंतर काही आठवड्यांत ओसरू लागतो, असे अभ्यासकांना आढळले आहे. ज्या कारणांनी मन करपले ती कारणे तशीच राहिली, तर जयपूर काय आणि पाचगणी काय, सारखेच. म्हणून तिने मेट्रनना भेटून सलग रात्रपाळ्यांची संख्या कमी करण्याची लेखी विनंती केली. तिला पूर्ण यश आले नाही. सहाऐवजी चार रात्रींनंतर पाळी बदलण्याचे मान्य झाले, पण वॉर्डातली माणसे वाढली नाहीत. घरी मुलाने आणि पतीने रात्रीची भांडी आपल्याकडे घेतली. बुधवारची संध्याकाळ तिची एकटीची ठरली. त्या दिवशी ती कधी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर जाते, कधी नुसतीच बागेत बसते. वॉर्डातल्या फळ्यावर खाटेच्या क्रमांकापुढे रुग्णाचे नाव लिहिण्याची पद्धत तिने सुरू केली. रात्रपाळीच्या मुली ती नावे वाचतात.

प्रत्येकाला सीकर रस्त्यापर्यंत जाता येईलच असे नाही. आठ हजार रुपये ही अनेक घरांत महिन्याच्या किराण्याची रक्कम असते. रोजंदारीवर जगणाऱ्याला रजा घेतली की चूल विझण्याची धास्ती असते. अशा माणसांसाठी लोखंड्यांनी मिळवलेला तो एक दिवस अद्यापही मोलाचा आहे. निदान त्या दिवसातले काही तास कोणाच्याही चाकरीत नसावेत. आणि विश्रांती घेऊनही उदासी हटत नसेल, जगणेच नकोसे वाटत असेल, तर तो केवळ थकवा नव्हे. तेव्हा डॉक्टरांना भेटावे किंवा शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. ही सेवा २०२२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे आपल्या भाषेत बोलता येते.

दिवसभर काम करून रात्री दिव्याखाली पुस्तक उघडणाऱ्या माणसाला थकवा म्हणजे काय, हे कोणी शिकवण्याची गरज नाही. थकणे हा दोष नाही, हे मात्र त्याने स्वतःला अधूनमधून सांगावे. शेतकरीसुद्धा एखाद्या हंगामात जमीन पडीक ठेवतो. शेजारी त्याला आळशी म्हणत नाहीत, कारण पुढच्या पिकासाठी मातीला तो वेळ लागतो, हे त्यांना ठाऊक असते.